डेथ व्हॅलीला आरव्ही नेताना आधी पाणी मोजा, मग नकाशा उघडा

आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात जायचं ठरलं की घरात पहिली यादी होते ती ठिकाणांची. झॅब्रिस्की पॉइंट, बॅडवॉटर, वाळूच्या टेकड्या, आर्टिस्ट्स ड्राइव्ह, ते आपोआप सरकणारे दगड. चार दिवसांत सगळं बसवायचं म्हणून रोज नवा मुक्काम आणि रोज दीडशे मैल. माझं सांगणं असं की ती यादी मिटून ठेवा आणि दुसरी करा. गाडीत पाणी किती, सांडपाण्याला जागा किती, पेट्रोल किती, बॅटरी किती रात्री पुरेल. या चार गोष्टींवरून मुक्काम ठरवा आणि मुक्कामावरून ठिकाणं.

मी माणदेशातली. आमच्याकडे टँकर येऊन गेला की कुठलं पाणी पिण्याचं, कुठलं भांड्यांचं आणि भांडी धुऊन उरलेलं कुठल्या झाडाच्या बुडात ओतायचं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आरव्हीत वाळवंटात राहायला हीच नजर लागते. बाकीचं सगळं कंपनीचा माणूस गाडी ताब्यात देताना अर्ध्या तासात शिकवतो.

जागा केवढी आहे ते आधी डोक्यात घ्या. डेथ व्हॅली नॅशनल पार्क सुमारे १३,७०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं. एवढ्या मुलखात पेट्रोल मिळतं तीन ठिकाणी: फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज. खोऱ्यात वर्षाला पाऊस जेमतेम दोन इंच. बॅडवॉटरची जमीन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आणि तिथून समोर दिसणारं टेलिस्कोप पीक ११,०४९ फूट उंच. एकाच दिवशी खाली घाम आणि वर थंडी, दोन्ही भेटतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्च. त्यापुढे आरव्हीचं नावच काढू नका. १० जुलै १९१३ ला इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि अजूनही जुलैत दुपारचा पारा सरासरी ४७ अंशांवर असतो. भाड्याने गाडी देणाऱ्या कित्येक कंपन्यांच्या करारात उन्हाळ्यात डेथ व्हॅलीला गाडी न्यायची नाही असं कलमच असतं. ते कलम कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे, हे बुकिंगच्या आधी वाचा. नियम मोडून गेलात आणि गाडी बंद पडली तर ओढून आणण्याचा सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो.

थंडीतही एक वेळ मला सगळ्यात आवडते, ती दिवाळीनंतरच्या चार-पाच दिवसांची. कारण साधं आहे. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, त्यामुळे पुढचे काही दिवस चंद्रकोर संध्याकाळीच मावळते आणि रात्रभर आकाश काळंभोर राहतं. या पार्कला २०१३ मध्ये अंधाऱ्या आकाशासाठीचा सर्वोच्च, 'गोल्ड' दर्जा मिळाला, तो का ते तेव्हा कळतं. नोव्हेंबरात दिवसा २५ अंशांच्या आसपास आणि रात्री ९-१०, म्हणजे सासू-सासऱ्यांनाही सोसेल अशी हवा. शिवाय फराळाचे डबे तयारच असतात. फक्त दोन गोष्टी बघा. कालनिर्णयातली तिथी भारताच्या वेळेची असते, इथला चंद्र इथल्या वेळेने तपासा. आणि नोव्हेंबरात 'फोर्टीनाइनर्स'चा, म्हणजे १८४९ साली सोन्याच्या शोधात इथून गेलेल्यांच्या आठवणीचा, मोठा वार्षिक मेळावा फर्नेस क्रीकला भरतो, त्या आठवड्यात आरव्हींची रीघ लागलेली असते, तो टाळा. थँक्सगिव्हिंग आणि नाताळचा आठवडाही गर्दीचा.

डिसेंबर-जानेवारीत दिवस सुरेख, पण रात्री ३-४ अंशांपर्यंत उतरतात. मार्चमध्ये हवा उबदार होते आणि वारा सुटतो. वाऱ्याबद्दल पुढे सांगते.

गाडी केवढी घ्यायची

२५ फूट. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे, डान्टेज व्ह्यूच्या वरच्या रस्त्यावर आहे, एमिग्रंट कॅन्यन-वाइल्डरोजच्या रस्त्यावरही आहे. ३० फुटी गाडी घेतलीत तर ही सगळी ठिकाणं हातची गेली. कागदावर २५ फुटी लिहिलेली गाडी मागची शिडी आणि बंपर धरून नेमकी किती भरते, ते कंपनीला विचारून घ्या.

२५ फुटी क्लास सी गाडीत (ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक असलेला प्रकार) पाच माणसं झोपतात. आम्ही सासूबाई, सासरे, नवरा, मुलगी आणि मी असे जातो. ज्येष्ठांना मागचा पलंग द्या, कारण ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकवर चढायला शिडी असते आणि रात्री उठून उतरणं गुडघ्यांना झेपत नाही. दाराची पहिली पायरीही उंच असते. एक भक्कम स्टूल घरून न्या.

ताब्यात घेताना टायर बघा. टायरच्या बाजूवर छापलेल्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. '३५२१' असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षं जुना टायर मी वाळवंटात नेणार नाही, सरळ दुसरी गाडी मागेन. मग फ्रिज विचारा. तो प्रोपेनवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागी उभी असावी लागते आणि थंड व्हायला त्याला बराच वेळ लागतो. १२ व्होल्टचा नवा फ्रिज लवकर थंड होतो, पण तो बॅटरी खातो. कुठला आहे यावर तुमच्या रात्रींचा हिशोब ठरतो.

कुठून शिरायचं

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून थेट गाडी हाकत येणारे बेकर्सफील्ड, टेहाचापी, रिजक्रेस्ट, ट्रोना करत पॅनामिंट खोऱ्यातून येतात. रस्ता देखणा आहे. पण शेवटी १९० नंबरच्या रस्त्यावर टाउन पास लागतो. पॅनामिंटच्या तळापासून ४,९५६ फुटांपर्यंत खडा चढ, आणि पलीकडे स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत सतरा मैल उतार, थेट समुद्रसपाटीला. पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने हा घाट पहिल्याच दिवशी, दमलेल्या हातांनी आणि अंधारात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

नवख्यांनी लास व्हेगासला विमानाने जावं आणि गाडी तिथे घ्यावी. १६० नंबरचा रस्ता डोंगर ओलांडतो खरा, पण रुंद आहे. तासाभरात पारम्प येतं. तिथे मोठी दुकानं आहेत, प्रोपेन आहे, हुकअपवाले आरव्ही पार्क आहेत. पहिली रात्र तिथेच काढा. पाणी, वीज, सांडपाणी सगळं जोडलेलं असताना गाडीतलं एकेक बटण दाबून बघा. गरम पाणी येतं का, हीटर लागतो का, जनरेटर सुरू होतो का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो का. काही बिघडलेलं असेल तर व्हेगास तासावर आहे, सकाळी मागे फिरता येतं. दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरून बेल व्हिस्टा रोडने डेथ व्हॅली जंक्शन आणि तिथून १९० ने फर्नेस क्रीक. साठेक मैलांचा सौम्य रस्ता आहे, आणि झॅब्रिस्की पॉइंट वाटेतच लागतो.

टाउन पास घ्यायचाच असेल तर चढताना एसी बंद ठेवा आणि इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष द्या. काटा वर सरकायला लागला की रुंद जागा बघून थांबा, इंजिन चालू ठेवून निवू द्या. उतरताना गिअर दांड्यावरचं 'टो-हॉल' बटण दाबा आणि हाताने खालच्या गिअरमध्ये घाला. इंजिन मोठ्याने गुरगुरतं, आणि मागे बसलेल्या सासूबाई घाबरून विचारतात की गाडीला काय झालं. काही झालेलं नसतं. इंजिनच गाडीला धरून ठेवत असतं. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग उतरवा, पाय काढा. करपल्यासारखा वास आला तर पुढच्या मोकळ्या जागी थांबा आणि ब्रेक थंड होईपर्यंत हलू नका. मागे गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

दोनच मुक्काम

पारम्पची रात्र सोडली तर पार्कात दोन मुक्काम पुरेत: फर्नेस क्रीकला दोन रात्री, मेस्किट स्प्रिंगला दोन रात्री.

फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली आहे. थंडीच्या मोसमात ते रिक्रिएशन डॉट गव्हवरून सहा महिने आधी बुक करता येतं. वीज-पाणी-सांडपाणी जोडलेल्या साइट फक्त अठरा आहेत. बुकिंग उघडतं त्या सकाळी संगणकासमोर बसलात तरच त्या मिळतात. नाही मिळाली तर शेजारी सनसेट आहे. ते रेतीचं मोठं मैदान आहे, हुकअप नाही, झाड नाही, पण सपाट आणि ऐसपैस. डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा, आणि पाणी भरायचा नळ जवळच. टेक्सास स्प्रिंग्ज दिसायला जास्त छान, पण तिथे जनरेटर चालवायला परवानगी नाही. घरातल्या कुणाला झोपेत श्वासाचं मशीन लागत असेल तर हे आधी ध्यानात घ्या. त्या मशीनला रात्रभर वीज हवी, आणि ती एकतर हुकअपमधून मिळते किंवा मशीनच्या स्वतःच्या बॅटरीतून. गाडीच्या बॅटरीच्या भरवशावर राहू नका.

मेस्किट स्प्रिंग पार्काच्या उत्तर टोकाला, १,८०० फुटांवर आहे. तिथे दुकान नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज नाही. चाळीसेक साइट, नळ, संडास, डम्प स्टेशन, आणि चहूकडे डोंगर. खरं वाळवंट अनुभवायला एवढ्या दूर यायचं तर ते इथे. उबेहीबे ज्वालामुखीचं विवर दहा मैलांच्या आत आहे. सुमारे सहाशे फूट खोल, आणि डांबरी रस्ता थेट काठापर्यंत जातो. सकाळी लवकर गेलात तर काठावर वाऱ्याशिवाय कुणी नसतं. शेजारचा स्कॉटीज कॅसल नावाचा जुना वाडा ऑक्टोबर २०१५ च्या पुरात मोडला आणि बंद झाला. त्याच्या आशेवर कार्यक्रम आखू नका.

हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी सोयीची जागा, तिथे पाणी-वीज वापरायचा अंदाज येतो, मग बिनसोयीची. फर्नेस क्रीकहून निघताना सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या, पाणी भरलेलं, पेट्रोल भरलेलं. तिथलं पेट्रोल पारम्पपेक्षा पुष्कळ महाग असतं. तरी भरा.

पाणी

पिण्याचं पाणी आणि गाडीच्या टाकीतलं पाणी हे दोन वेगळे हिशोब. पिण्याचं माणशी रोज एक गॅलन, म्हणजे चार लिटर. पाच माणसं, चार दिवस, ऐंशी लिटर. वर एका दिवसाचं राखीव, म्हणजे शंभर. हे कॅनमध्ये वेगळं न्यायचं, आणि राखीव वीस लिटर पलंगाखाली ठेवून विसरून जायचं. गाडी कुठे अडकून पडली तर ते पाणी आहे. थंडीत तहान जाणवत नाही, पण हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. सासऱ्यांसारखी माणसं सारखं जावं लागतं म्हणून पाणी प्यायचंच टाळतात. त्यांच्यासाठी कोकम सरबताची बाटली भरून हातात द्या, ती संपते. ओठांना आणि नाकपुड्यांना आतून खोबरेल लावा, दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त येत नाही.

गाडीची टाकी साधारण ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. भांडी, तोंड धुणं, संडास यांना. पण खरी मर्यादा ही टाकी नसते. सिंक आणि शॉवरचं पाणी जिच्यात जातं ती खालची ग्रे टँक बऱ्याचदा हिच्यापेक्षा लहान असते. ती भरली की शॉवरच्या तळाशी घाण पाणी उलटं येतं, मग वरची टाकी भरलेली असूनही उपयोग नाही. म्हणून पाणी वाचवायचं ते खालच्या टाकीसाठी. आंघोळीला फर्नेस क्रीकच्या रँचवर किंवा स्टोव्हपाइप वेल्सला पैसे देऊन शॉवर मिळतो. गाडीत करायचीच तर अंग भिजवा, नळ बंद, साबण, नळ चालू, संपलं. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची असते, तीही तेवढीच पुरते.

कॅम्पग्राउंडच्या नळाला पाणी येतं म्हणून ते सोडून ठेवू नका. फर्नेस क्रीकची हिरवळ झऱ्यांवर जगते, आणि ते पाणी खडकांखालून फार दुरून, फार सावकाश येतं. त्याच पाण्यावर टिंबिशा शोशोनी लोकांचं गाव आहे. ते इथे पार्काच्या कितीतरी आधीपासून राहतात. त्यांच्याच भूमीतला काही भाग कायद्याने त्यांच्या नावावर व्हायला २००० साल उजाडलं. गावावरून जाताना गाडी हळू घ्या, आणि कुणाच्या अंगणात कॅमेरा रोखू नका.

स्वयंपाक

आपला स्वयंपाक पाणीखाऊ आहे. एका संध्याकाळचं मोजून बघा. डाळ-तांदूळ धुवायला दोन लिटर, शिजवायला दीड, भाजी धुवायला एक. मग कुकर, कढई, पोळपाट, पाच ताटं, वाट्या, आणि हळद-तेलाचं तवंग काढायला आठ-दहा लिटर. तीन जेवणांचे चाळीसेक लिटर झाले, आणि त्यातले बहुतेक ग्रे टँकमध्ये. दीडशे लिटरची टाकी तीन दिवसांत कोरडी, आणि त्याआधीच खालची भरलेली.

उपाय घरूनच सुरू होतो. डाळ-तांदूळ घरी धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून डब्यात भरा. भाज्या धुऊन चिरून आणा. पहिल्या दोन दिवसांना दुधातल्या दशम्या आणि कोरडी चटणी, त्या सुकत नाहीत. साध्या पोळ्या या हवेत तासाभरात पापडासारख्या होतात. नंतर एका भांड्याची जेवणं: मुगाची खिचडी, उपमा, पिठलं-भात. थालिपिठाची भाजणी न्या, एक तवा आणि एक परात एवढंच खरकटं होतं. ताटं कागदी. कुकर आणि कढई आधी कागदाने कोरडी पुसून काढा, मग स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारा, मग पेलाभर पाण्याने विसळा. तेल टाकीत कमी गेलं की चौथ्या दिवशी गाडीला वासही येत नाही.

फोडणीच्या आधी छताचा पंखा चालू आणि खिडकी उघडी. सुक्या मिरचीची फोडणी बसली की धुराचा अलार्म गाडी डोक्यावर घेतो, आणि तो बंद करण्यासाठी बॅटरी काढून ठेवणं हे सगळ्यात धोक्याचं. तळण बाहेरच्या टेबलावर, वेगळ्या शेगडीवर. खाणं बाहेर उघडं टाकून आत जाऊ नका. डोमकावळे आणि कायोटी टपलेलेच असतात, आणि माणसाच्या अन्नाला सोकावलेला कायोटी रस्त्यावर गाड्यांसमोर येऊन मरतो.

संडासची टाकी

याबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. आपल्याला पाणी लागतं, आणि ते वापरा. छोटा मग ठेवा, प्रत्येक वेळी अर्धा लिटर धरा. ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासच्या टाकीत, पाणी जाणं चांगलंच असतं. कागद जास्त आणि पाणी कमी झालं की आत ढीग साचून घट्ट होतो आणि मग काही केल्या निघत नाही. ओले वाइप्स कधीही टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. हुकअपवर असतानाही ब्लॅक टँकची झडप बंद ठेवा. उघडी ठेवली तर पातळ वाहून जातं आणि बाकीचं मागे राहतं. टाकी निम्म्याहून जास्त भरली की मगच सोडा.

रिकामी करताना हातमोजे घाला. पाइप आधी गाडीला नीट फिरवून, खटका बसेपर्यंत लावा, दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात खोचा आणि त्यावर दगड किंवा झाकण ठेवा. आधी ब्लॅकची झडप सरकन पूर्ण उघडा. पाइपातला आवाज थांबला की बंद करा. मग ग्रेची उघडा, साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. पाइप धुवायचा नळ वेगळा असतो, त्यावर पिण्याचं पाणी नाही अशी पाटी असते. पिण्याच्या नळाला या पाइपचा स्पर्शही होऊ देऊ नका, तुमच्या मागून येणारा तिथेच बाटली भरणार आहे.

वीज आणि रात्र

हुकअप नसेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह फक्त जनरेटरवर चालतात. हीटर प्रोपेनवर पेटतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो, आणि थंडीच्या रात्री पहाटेपर्यंत बॅटरी तोच संपवतो. म्हणून झोपताना हीटर १२-१३ अंशांवर आणा आणि गोधड्या काढा. कंपनीची पांघरुणं पातळ असतात.

जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, तासाला साधारण अर्धा गॅलन. टाकी पाव भागावर आली की तो आपोआप बंद पडतो, तुम्हाला घरी पोचता यावं म्हणून. कॅम्पग्राउंडात तो कुठल्या वेळेत चालवायचा ते पाटीवर लिहिलेलं असतं. सकाळी स्वयंपाकाच्या वेळी तासभर आणि संध्याकाळी तासभर चालवलात की बॅटरी भरते. त्या दोन तासांतच फोन, कॅमेरे, श्वासाच्या मशीनची बॅटरी सगळं लावून टाका. अंधार पडल्यावर बाहेरचा दिवा बंद करा. तुमच्या दिव्याने शेजारच्यांचंही आकाश जातं.

रस्ते, वारा, पूर

आरव्हीसाठी एकच नियम: डांबर संपलं की गाडी वळवा. सरकणाऱ्या दगडांच्या रेसट्रॅकला उबेहीबेपासून २७ मैल धारदार खडीचा कच्चा रस्ता आहे. बघायचाच तर फर्नेस क्रीकला जीप भाड्याने मिळते. ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यन आणि टायटस कॅन्यनही आरव्हीचे नव्हेत. फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून कच्चा रस्ता दाखवतो, त्याचं ऐकू नका. जुलै १९९६ मध्ये चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन मुलं, भाड्याच्या मिनीव्हॅनने दक्षिणेकडच्या कच्च्या वाटेने आत गेले. गाडी ऑक्टोबरमध्ये सापडली, माणसांचे अवशेष २००९ मध्ये. म्हणून फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला पहिल्यांदा जाल तेव्हा कागदी नकाशा घ्या आणि आज कुठले रस्ते बंद आहेत ते विचारा. पुरांनी इथले रस्ते वारंवार तुटतात. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळाने एका दिवसात २.२ इंच, म्हणजे वर्षभराचा पाऊस पाडला आणि पार्क जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. कोरड्या ओढ्यात, मग तो कितीही सपाट आणि सुंदर दिसो, गाडी उभी करायची नाही. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं.

वारा रोज दुपारनंतर वाढतो. गाडीचं कापडी छत उघडून फिरायला जाऊ नका, झोपायला तर मुळीच नाही. एक झुळूक ते मोडून छतावर फेकते आणि त्याची भरपाई मोठी असते. नाक वाऱ्याकडे करून गाडी लावा. दार उघडताना हातात धरूनच उघडा, विशेषतः सासूबाई उतरत असताना. वाळूच्या टेकड्या सकाळीच बघून घ्या, पाऊलखुणा नसतात आणि डोळ्यांत कण जात नाहीत.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला लिहून द्या: कुठल्या रात्री कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेंजर्सना कळवायचं. नव्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय असते, ती कशी वापरायची ते घरीच बघून ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. पाणी, सावली आणि पांघरूण गाडीत आहे, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

परतीचा दिवस

मेस्किट स्प्रिंगहून सकाळी निघतानाच सांडपाण्याच्या टाक्या तिथे रिकाम्या करा, म्हणजे शेवटच्या दिवशी रांग नको. बॅडवॉटरच्या मिठावर चाललेले बूट पिशवीत बांधा, ते मीठ गालिच्यात शिरलं की निघत नाही. पारम्पला प्रोपेन आणि पेट्रोल करारात असेल तेवढं भरा, केर काढा, आतली जागा वाढवायला बाहेर सरकणारी भिंत गाडीला असेल तर तिच्या फटीतली वाळू ब्रशने काढा. गाडीचे चारही बाजूंचे फोटो आणि आतल्या टाक्यांचे दिवे दाखवणाऱ्या पट्टीचा एक फोटो काढून ठेवा, जसे ताब्यात घेताना काढले होते तसेच. राखीव वीस लिटर पाणी मात्र व्हेगासच्या अंगणात गाडी लागेपर्यंत ओतू नका.